लेबलं माझी, कार्ड तिचं

मंडळी, आत्ताच घरी आलेय. अजून डोकं तापलंय, तरी लिहिते.

नवऱ्याच्या आयटी प्रोजेक्टमुळे जपानमध्ये इचिकावाला आलो, तेव्हापासून मी घरून डिझाइनची कामं करते. स्टेशनजवळच्या चहाच्या दुकानाचं काम मला फार हवं होतं. महिनाभर तिथे जाऊन बसले. म्हाताऱ्या बायका डबा डोळ्यांजवळ नेऊन वाचतात हे पाहिलं आणि मोठ्या अक्षरांची लेबलं केली.

माझं जपानी तोडकंमोडकं, म्हणून बोलायला मैत्रिणीला नेलं. मंजिरीला. तिने मालकीणबाईंना दोन्ही हातांनी आपलं व्हिजिटिंग कार्ड दिलं. मी नुसतीच वाकले, कारण माझं कार्डच नव्हतं. "अगं, तुला कार्ड कशाला, मी आहे ना!" असं तीच म्हणाली होती. लेबलांची सीडीही तिच्याकडेच दिली. नंतर विचारलं की एकच उत्तर, "त्या विचार करतायत."

आज दुकानात गेले, तर शेल्फवर माझीच लेबलं! मालकीणबाई हसून म्हणाल्या, "तुम्ही मंजिरी-सानच्या मदतनीस ना?" आणि तिचं कार्ड दाखवलं. नावाखाली 'डिझायनर'.

फ्रीलान्सवाल्यांनो, हवा तो क्लायंट मिळवायचा असेल तर आपलं कार्ड आपल्या हाताने द्या, मोडक्या जपानीत का होईना. इथे कार्डावर जे लिहिलंय तेच खरं धरतात.

मंजिरी, तूही या कम्युनिटीत आहेस, वाचशीलच. तुझ्या वाढदिवसाला ते कार्ड मी करून दिलं, तेव्हा नावाखाली 'दुभाषी' होतं. 'डिझायनर' कुणाकडून करून घेतलंस?