अमावस्येची दोन तिकिटं

काळजी करण्याच्या बाबतीत आमच्या साडूंचा हात धरणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात सापडायचा नाही. बाकीच्यांना काळजी वाटते तेव्हा ते करतात. आमचे साडू सकाळी दात घासून झाले की ती करायला बसतात. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. सरकारी नोकरीतली निम्मी वर्षं कळवणला काढली आणि निवृत्त झाल्यावर गंगापूर रोडला तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. तिसराच का, तर पहिल्यावर चोर चढतो आणि पाचव्यावर लिफ्ट बंद पडली की माणूस अडकतो. घराबाहेर पडल्यावर गॅसचं बटण बघायला ते तीनदा परत जातात. चौथ्यांदा ताई, म्हणजे माझी मेव्हणी, त्यांना जाऊ देत नाही, आणि मग दिवसभर आम्ही सगळे त्या बटणाविषयी ऐकत राहतो. अशा माणसाला छंद कसला असावा? विमानप्रवासाचा. तोही पैसे न देता करायच्या विमानप्रवासाचा. आणि स्वतः जन्मात कधी विमानाच्या पायरीवर पाय न ठेवता.

क्रेडिट कार्डावर खर्च केला की पॉइंट मिळतात, ते साठवले की विमानाचं तिकीट मिळतं, एवढं तुम्हीआम्ही उडत उडत ऐकलेलं असतं. साडूंना त्यातलं अक्षर न् अक्षर पाठ. कुठलं कार्ड किराण्याला, कुठलं पेट्रोलला, कुठल्या कंपनीचे पॉइंट कुठल्या विमानाला चालतात, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगतील. नात्यातले दहा जण हॉटेलात जेवायला गेलो की बडीशेप यायच्या आत हे गल्ल्यापाशी. बिल त्यांच्या कार्डावर, आणि आम्ही आपापली रोकड त्यांच्या हातावर ठेवायची. माझ्या मुलाच्या साखरपुड्याला मी एक चांगला, माहितीतला आचारी ठरवला होता. तो कार्ड घेत नाही असं कळल्यावर साडूंनी तीन दिवस माझ्या व्याह्यांसकट सगळ्यांच्या मागे लागून तो बदलायला लावला. नव्या आचाऱ्याची मठ्ठ्याची भट्टी काही जमली नव्हती. पाहुणे वाटीला तोंड लावून खाली ठेवत होते, मी संतापानं साडूंकडे बघत होतो, आणि ते एका कोपऱ्यात मोबाइलवर पॉइंट जमा झाले का ते बघत होते.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण त्यांना आमच्याही पॉइंटांची काळजी. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी सातला त्यांचा फोन येणारच. तुमचे बाराशे पॉइंट एकतीस तारखेला मरतायत, असं ते इतक्या दुखऱ्या आवाजात सांगत, की मला त्या पॉइंटांचा उपयोग ठाऊक नसला तरी चहा गोड लागायचा नाही. शेजारपाजारचे मात्र त्यांच्या जिवावर जग फिरून आले. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई सिंगापूरला गेल्या, समोरचं कुटुंब थायलंडला गेलं. येताना ते साडूंना चॉकलेटं आणत, आणि साडू ती मधुमेहाच्या काळजीनं मला देऊन टाकत.

चार वर्षांपूर्वी त्यांनी ठरवलं, की या विषयावर मराठीत ब्लॉग काढायचा. ब्लॉग अजून सुरू झालेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी शाळेत मराठी शिकवत असे, त्यामुळे लेख तपासायचं काम माझ्याकडे आलं. साडूंनी नवा ब्लॉग कसा सुरू करावा याविषयी जेवढं म्हणून सल्ले देणारं लिखाण मिळेल तेवढं वाचून काढलं आणि एका शंभर पानी वहीत उतरवलं. आता सल्ला हा माणसानं पुढे जावं म्हणून देतात. आमचे साडू प्रत्येक सल्ल्यापाशी जाऊन थांबले. नाव सुटसुटीत असावं, असं एकानं लिहिलेलं. त्यावर त्यांनी सात महिने काढले, कारण कुठलंही नाव घेतलं तरी त्यावरून लोक आपल्याला फसवे समजतील असं त्यांना वाटे. सुरुवातीला दहा लेख हाताशी ठेवावेत, असं दुसऱ्यानं लिहिलेलं; यांनी एकतीस लिहिले. कुठल्या कंपनीकडून आपल्याला काही मिळत असेल तर ते वाचकांना सरळ सांगावं, असं तिसऱ्यानं लिहिलेलं. यांना कुणी काहीच देत नव्हतं, तरी ते सांगणारं पानभर निवेदन तयार. त्यांचा पहिला लेख होता 'पॉइंट म्हणजे काय'. त्यात पॉइंटांवर दोन ओळी आणि पुढे सगळ्या सूचना. कार्डाचं बिल वेळेवर पूर्ण भरत नसाल तर हा ब्लॉग कृपया वाचू नये, अशी सुरुवात. मी सूचना खोडायचो, ते दुसऱ्या दिवशी पुन्हा घालायचे. म्हणायचे, माझं वाचून कुणी लेकराबाळांसकट परमुलखात अडकून पडलं तर त्याला काय मास्तर सोडवायला जाणार आहेत?

पण खरा काटा वहीतल्या शेवटच्या सल्ल्याचा होता. जो प्रवास स्वतः केला नाही त्याविषयी लिहू नये. मी हे वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं, की साडू पंखा बंद करायला उठत. पॉइंट भरपूर होते, पण निघायचं म्हटलं की पुढच्या महिन्यात कमी पॉइंट लागतील, थोडं थांबू, हे ठरलेलं. ताईनं त्याविषयी बोलणंच सोडून दिलं होतं.

मग दोन गोष्टी एकदम घडल्या. त्यांच्या एकुलत्या एका मुलीला दिवस गेले. ती नवऱ्याच्या नोकरीमुळे गुवाहाटीला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तशी सगळी तयारीही होती. पण सातव्या महिन्यात डॉक्टरांनी तिला प्रवासाला मनाई केली. आता ताईनं तिकडे जायचं, आणि ताई एकटी जाणार नाही, म्हणजे साडूंनीही. तारीख पौषातली होती. दुसरी गोष्ट म्हणजे साडूंना त्यांच्या मते मोठा शोध लागला. आपली माणसं अमावस्येला प्रवासाला निघत नाहीत, तेव्हा त्या दिवशी विमानात पॉइंटांच्या जागा शिल्लक राहणारच. इंग्रजीत ब्लॉग लिहिणाऱ्या कुणाला हे सुचणं शक्य नाही, असं ते मला दोनदा म्हणाले. गुवाहाटीच्या विमानात सगळे नाशिककर बसत नाहीत, असं मी म्हटलं, पण त्यांनी लक्ष दिलं नाही. आणि खरंच, मार्गशीर्षातल्या अमावस्येची दोन तिकिटं त्यांना मिळाली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पॉइंट वापरले. मला पेढा दिला.

ताईला तारीख कळली आणि पेढा कडू झाला. "पोरीच्या बाळंतपणाला मी अमावस्येची उंबरा ओलांडणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही आणि तुमचे पॉइंट जाऊन या." शेवटी वाट काढली ती माझ्या बायकोनं. तिनं प्रस्थान ठेवायला सांगितलं. मुहूर्तावर निघता येत नसेल तर सामानातली एखादी पिशवी चांगल्या दिवशी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे त्या दिवशीच प्रवास सुरू झाला असं धरतात, मग माणूस पुढे केव्हाही निघो. मात्र ती पिशवी पुन्हा आपल्या घरात न्यायची नाही, निघताना वाटेत उचलायची. ताईला हे पटलं. गुरुवारी सकाळी दोघं आमच्याकडे पिशवी घेऊन आले. तांदूळ, सुपारी आणि रुपया एवढं पुरतं खरं म्हणजे. पण ताईनं बाळाची झबली-टोपडी आणि डिंकाचे लाडू घातले, आणि साडूंनी, हरवायला नकोत म्हणून, दोघांची आधार कार्डं. ती पिशवी आमच्या कपाटात गेली, आणि पुढचे दोन दिवस साडू मला फोन करून कपाटाला कुलूप आहे ना, कपाटात झुरळं नाहीत ना, असं विचारत राहिले.

अमावस्या पुढच्या शुक्रवारी होती. रविवारी सकाळी सातला आमची बेल वाजली. दारात साडू आणि ताई. साडूंच्या शर्टाची बटणं वरखाली लागलेली. मुलीचा रक्तदाब एकदम वाढला म्हणून तिला पहाटे दवाखान्यात दाखल केलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, आज नाहीतर उद्या मूल बाहेर काढावं लागेल. जावई एकटाच होता. आधार कार्डं आमच्या कपाटात, म्हणून दोघं रिक्षा करून थेट आमच्याकडे आले होते. ताई पिशवी छातीशी धरून खुर्चीच्या कडेवर बसली. साडूंनी मोबाइल काढला. दुपारी अडीचचं मुंबईहून सरळ जाणारं विमान होतं आणि तिकीट मी आजवर ऐकलं नव्हतं इतकं महाग होतं. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. पॉइंट वापरायचे का, असं पडद्यावर विचारलेलं दिसत होतं. वापरायचे म्हटलं तर अर्धे पैसे तरी वाचले असते, पण त्यात आणखी दोन पानं भरावी लागत होती. त्यांनी 'नाही' वर बोट दाबलं. शुक्रवारच्या तिकिटांचं काय करायचं ते त्यांनी विचारलं नाही.

बायको जावयाच्या फोनसाठी घरी थांबली आणि मी दोघांना घेऊन मुंबईला निघालो. साडू पुढे बसले होते. एरवी मी गाडी चालवत असलो की ते प्रत्येक ट्रकची मला आगाऊ सूचना देतात. त्या दिवशी इगतपुरीपर्यंत एक शब्द नाही. मला गप्प साडूंची इतकी धास्ती वाटली, की गॅस बंद केलाय ना, असं मीच विचारलं. ते म्हणाले, माहीत नाही. घाट उतरताना मागे ताईचा डोळा लागला, तेव्हा ते हळूच बोलले.

"गेल्या वर्षी दिवाळीला पोरगी म्हणाली होती, बाबा, घर बघायला या. पॉइंट होते. मी म्हटलं, फेब्रुवारीत निम्म्यात होईल."

मी गाडी हळू करून मागचा ट्रक पुढे जाऊ दिला.

"निम्म्याचं काही नव्हतं हो. मला विमानाची भीती वाटते. हिला घेऊन जायला लागू नये म्हणून मी वर्षानुवर्षं हिशेब दाखवत राहिलो. आता तिथं काही झालं तर?"

चार वर्षं मी या माणसाच्या वहीची थट्टा केली आणि एवढी साधी गोष्ट मला कळली नव्हती, याची मला लाज वाटली. मी म्हटलं, निघालात ना आता. याहून शहाणं काही सुचलं नाही. विमानतळावर आत जाताना त्यांनी ताईच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली आणि दुसऱ्या हातानं तिचा दंड धरला. धीर ताईला देत होते की तिच्याकडून घेत होते ते सांगता येणार नाही. वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

परत येताना घोटीला चहाला थांबलो. सव्वाचार वाजले असतील. भात झोडून झालेलं होतं, गिरणीकडून कोंड्याचा वास येत होता. बाकड्यावर बसतोय तोच बायकोचा फोन. मुलगी झाली होती. वजन थोडं कमी होतं, पण मोठ्यानं रडली होती. दोघी सुखरूप होत्या. बायको रडत होती, आणि मीही शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला, नात झाली, असं सांगून बसलो. मग साडूंना फोन लावला. बंद. बंदच असणार. विमान उतरायला अजून सव्वा तास होता. तो माणूस तिकडे कुठेतरी ढगांवर, डोळे मिटून, सगळं वाईटच झालंय असं धरून बसला असणार, आणि काळजीचं कारण तर केव्हाच मिटलं होतं. बातमी माझ्या खिशात होती आणि ती त्यांच्यापर्यंत पोचवायला कसलाही मार्ग नव्हता. घरी जायला तासभर पुरे होता, पण माझ्यानं उठवेना. उजेड कमी व्हायला लागला, चहावाल्यानं दुसरा चहा न मागता आणून ठेवला. मी तिथेच बसून दर दोन मिनिटांनी साडूंचा बंद फोन लावत राहिलो.