आभाराचं कार्ड

बेल वाजवून ते दोन पावलं मागे सरकायचे आणि दार उघडताच म्हणायचे, "कामात असशील तर जातो." जायचे मात्र कधीच नाहीत, चहा घेऊनच उठायचे. लंडनच्या हॅरो भागातल्या आमच्या गल्लीत शेजारच्या काकांची हीच ओळख. तुमच्याही पाहण्यात असं माणूस असेल, ज्याला कुणाला त्रास द्यायचा नसतो आणि एकटंही राहवत नसतं.

काकू केअर होममध्ये होत्या. त्यांना स्वतःचं नावही आठवत नसे. सतत पडून राहून टाचेला जखम झाली, चिघळली आणि त्यातच त्या गेल्या. होमला वाटलं बाहेरून येणाऱ्या नर्सला माहीत आहे, नर्सला वाटलं डॉक्टरांना कळवलंय. काका रोज जात, पण पायावरचं पांघरूण त्यांनी कधी उचललं नाही. "तिथल्या मुली कामात असायच्या गं," ते म्हणाले, "आपण मध्येमध्ये कशाला करायचं?"

पुढे त्यांना कुणीतरी सांगितलं की आपल्या भागाचं, परावलंबी माणसांची हेळसांड होऊ नये हे पाहणारं एक सेफगार्डिंग बोर्ड असतं. हयगय होऊन माणूस गेलं असं वाटलं तर घरच्यांनाही तिथे रिव्ह्यू मागता येतो. सगळ्यांना एकत्र बसवून कुठे काय राहिलं ते तपासतात. कुणाला शिक्षा करायला नाही, पुन्हा तसं होऊ नये म्हणून. काकांना नेमकं तेवढंच हवं होतं.

फॉर्म भरायला मी बसले. मी 'निग्लेक्ट' लिहिलं की ते म्हणायचे, "जरा सौम्य शब्द नाही का?"

"काका, हा फॉर्म आहे, लग्नपत्रिका नाही." मी वैतागायचे.

एका सकाळी ते बेल वाजवून मागे सरकलेच नाहीत. चेहरा पांढराफटक. काकूंच्या चौदाव्याला ते होममध्ये बेसनाचे लाडू घेऊन गेले होते, सोबत एक कार्ड. तुम्ही सर्वांनी तिची फार छान काळजी घेतलीत, असं त्यात लिहिलं होतं.

"माझी सही आहे त्यावर. होमवाले तेच दाखवतील आणि बोर्ड रिव्ह्यू नाकारेल." ते म्हणाले.

आपल्यातलं कोण असं कार्ड देणार नाही, सांगा. पण खरं सांगते, मलाही त्यांचं म्हणणं पटलं. कार्डाचा उल्लेखच नको, असं मी सुचवलं.

त्यांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "लिही," म्हणाले. "बोलायचं ते बोलता आलं नाही, म्हणून कार्ड दिलं. असंच लिही." त्या वाक्यात त्यांनी मला एकही शब्द सौम्य करू दिला नाही.

मग वाट पाहणं सुरू झालं. पोस्टमन येऊन गेला की बेल वाजायची. "आलं नाही गं." त्यांचं जेवण कमी झालं, कपडे सैल झाले, आणि एक दिवस जिन्यात पडून ते हॉस्पिटलात गेले. पत्र आलं ते त्यानंतर.

मी ते वॉर्डात वाचून दाखवलं. रिव्ह्यू होणार होता आणि बोर्डाच्या लोकांना काकांचं म्हणणं ऐकायचं होतं. काकांनी डोळे पुसले. "कितीही कामात असले तरी सगळं सांगूनच उठेन म्हणावं."

तेवढ्यात नर्स डोकावली. "यू ऑलराइट?"

"फाइन, थँक यू. यू आर बिझी."

ती गेली. पाण्याचा ग्लास त्यांचा हात पोचणार नाही इतका लांब होता. मी तो जवळ ठेवला आणि त्यांना न विचारता पायावरचं पांघरूण उचललं. उजवी टाच लालभडक झाली होती.

"राहू दे गं, ती कामात असेल," काका म्हणाले.

मी पलंगाशेजारची बेल दाबली, आणि ती येईपर्यंत दाबतच राहिले.