निळ्या गाठीची वायर

मला कान आहे ही बातमी बेलापूरच्या आमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये मीच पसरवली होती, दुसऱ्या कुणी नाही. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. हापिसात मी फायली पुढे सरकवणारा साधा कारकून, पण रविवारी मी कोणीतरी असायचो. मेहुणा बोटीवर होता. त्याने आधी जर्मन हेडफोन आणून दिला आणि मागाहून एक फॉरेनचा अ‍ॅम्प्लिफायर. तो हेडफोन मोठा मानी. साध्या टेपरेकॉर्डरला जोडला की नुसता कुजबुजायचा. त्याला चालवायला मागे दमदार अ‍ॅम्प्लिफायरच लागायचा. शेजारी यायचे, कानाला लावायचे आणि मी बाजूला उभा राहून ‘आता डग्गा ऐका, कसा गोल येतोय’ असलं काहीबाही सांगायचो. लोक माना डोलवायचे.

नाक्यावर पत्र्याच्या टपरीत रेडिओ दुरुस्त करणारा एक जण होता. जवळच्या दिवाळे गावचा, कोळ्याच्या घरातला, माझ्याच वयाचा. त्यानं माझा हेडफोन एकदा ऐकला आणि त्याला वेडच लागलं. सहा महिने खपून, जुन्या रेडिओंचे भाग काढून, त्यानं खास या हेडफोनसाठी स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर बनवला. पेटी पत्र्याची, रंग होडीला लावतात तो. मी हसलो होतो ती बघून. तोंडावर नाही, पण हसलो होतो.

त्याच सुमारास वाशीच्या एका कॅसेटवाल्याला दुकानात गिऱ्हाइकांना हेडफोनवर ऐकवण्याची सोय करायची होती. चार हेडफोन, चार अ‍ॅम्प्लिफायर. बाहेरून मागवायचे की या कोळ्याकडून बनवून घ्यायचे, हे ठरवायला त्यानं मला विचारलं. मला! मी आठवडाभर तरंगत होतो. टपरीवाल्याचं मात्र सगळं त्यावर अडलेलं होतं. तो मला म्हणाला, “भाऊ, हे काम भेटलं तर मी हेच करनार. नायतर बाप होडीवर बोलावतोय, आता थांबत नाय तो.”

रविवारी सकाळी दोघे आमच्याकडे आले. टपरीवाल्यानं आपल्या पेटीबरोबर एक छोटा डबाही बनवून आणला होता. त्याला दोन भोकं, एक आणि दोन. दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरच्या वायरी त्यात खुपसायच्या आणि वरची कळ फिरवली की हेडफोनमध्ये कधी हा, कधी तो. वायरी दोन्ही काळ्या, सारख्याच. घोळ होऊ नये म्हणून त्यानं आपल्या वायरीला जाळ्याच्या निळ्या दोऱ्याची गाठ मारली होती. तशी त्यानं मला दाखवलीही. मग म्हणाला, “मी गॅलरीत बसतो. माज्यासमोर तुमी मोकळं बोलनार नाय.” आणि खरंच बाहेर जाऊन बसला, दाराकडे पाठ करून.

वायरी मी जोडल्या. कॅसेटवाल्याला सांगितलं, माझा एकमध्ये, त्याचा दोनमध्ये. बायकोला पंखा बंद करायला लावला. सतारीची कॅसेट लावली, डोळे मिटले. कॅसेटवाला कळ फिरवत ‘एक’ म्हणायचा, ‘दोन’ म्हणायचा. आणि मी बोलत सुटलो. एक म्हणजे भरदार, मोकळा, तार छेडल्यावर बोट कुठे घासलं तेही कळतं. दोन जरा पोकळ, खालचा सूर हलका. “फॉरेन ते फॉरेन,” मी म्हणालो. कॅसेटवाल्यानं तिथल्या तिथे ठरवून टाकलं. टपरीवाला आत आला, आमची तोंडं बघून समजला, चहा प्यायला आणि टपरी उघडायचीय म्हणून निघाला. पेटी संध्याकाळी नेतो म्हणाला.

दोघे गेल्यावर बायको टेबल आवरत होती. “अहो,” ती म्हणाली, “निळी गाठ त्याची ना? मग ती एकमध्ये कशी?”

मी बघितलं. गाठ एकमध्येच होती. माझ्याच हातानं खुपसलेली. ज्याला मी भरदार म्हणालो ती होडीच्या रंगाची पेटी होती आणि पोकळ होतं ते माझं फॉरेन. खरं सांगायचं तर मी कानानं ऐकलंच नव्हतं. मी आकडा ऐकला आणि त्याला साजेसं बोललो.

“आत्ता फोन करून सांगून टाका,” बायको म्हणाली. खाली वाण्याकडे फोन होता. मी उतरलो, फोनपाशी उभा राहिलो. कॅसेटवाला काय म्हणेल? क्वार्टर्समध्ये काय होईल? एका माणसाचा धंदा उभा राहायचा होता आणि मी माझ्या रविवारांचा विचार करत होतो. शेवटी बिस्किटांचा पुडा घेऊन वर आलो. त्या दिवशी बायको माझ्याशी जेवायला वाढण्यापुरतंच बोलली.

संध्याकाळी तो आला. पेटी उचलता उचलता म्हणाला, “भाऊ, नेमकं काय कमी पडलं ते सांगा ना.” तेव्हाही वेळ गेली नव्हती. मी म्हणालो, “खालचा सूर जरा पोकळ आहे.” त्यानं खिशातून कागद काढला आणि ते लिहून घेतलं.

दीड महिन्यानं तो परत आला. कॅसेटवाल्याकडे तोवर बाहेरचा माल लागलाही होता. याचं होडीवर जायचं ठरलं होतं. पेटी टेबलावर ठेवून म्हणाला, “तुमी सांगितलेलं सगळं बदललं. ऐका.”

मी हेडफोन लावला. खालचा सूर नुसता घुमत होता, सतार त्यात बुडून गेली होती. बोट घासल्याचा आवाज कुठेच नव्हता. मी विचारलं, आधीचं परत करता येईल का. तो हसला. “आधीचं काय ठेवायचं? ते चुकलेलं होतं ना.”

लाज काय असते ते मला त्या खुर्चीत कळलं, आणि तरी मी मान हलवून “आता बरोबर झालं” म्हणालो. त्याचा चेहरा फुलला. पेटी त्यानं नेलीच नाही. “तुमच्याकडंच ठेवा भाऊ,” तो म्हणाला. “तुमी नसतं सांगितलं तर मला कळलंच नसतं.”