चारशे बारा म्हणजे काय?

शेजारचे चाचा अर्धांगवायूच्या झटक्यातून वाचले. पण घरी आल्यावर पाण्याचा घोट घेतला की असा ठसका लागायचा, की बघणाऱ्याचा जीव जाई. पातळ पाणी श्वासनळीत उतरतं, ते दाट करून पाजा, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि त्यासाठी एक पावडर लिहून दिली.

तो डबा घेऊन चाची माझ्याकडे आल्या. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्या भरवशावर.

“बेटी, यात काय हाय ते बराबर वाचून सांग. जनावराच्या हाडाचं काही असलं तर मी त्यांच्या तोंडाला लावणार न्हाई.”

मी हिरवा ठिपका दाखवला.

“ठिपका र्‍हाऊ दे. नाव सांग.”

बारीक अक्षरांत लिहिलं होतं, घट्टपणा आणणारा पदार्थ. आणि पुढे नुसता आकडा, ४१२.

“नियमात नाव छापा न्हाईतर नंबर, दोन्ही चालतं, चाची.”

“मंग आजारी माणसाला नंबर पाजू का मी?”

मी मोबाइलवर या आकड्यांची सरकारी यादी उघडली, बोट खाली सरकवत नेलं आणि थांबले.

“चाची, ही गवार हाय. गवारीच्या बियांचं पीठ.”

“कोणती गवार?”

“आपलीच. भाजीची.”

चाचांनी उभी हयात आष्टीच्या बाजारात भाजी विकली. निबर गवार कुणी घेत नसे. ती शेळीपुढे जायची. त्याच निबर शेंगेतलं बी पाणी धरून ठेवतं, हे त्या घराला ठाऊक नव्हतं, आणि वर्षानुवर्षं बियांचा धडा शिकवणाऱ्या मलाही नव्हतं.

आम्ही पाण्यात मापानं पावडर टाकून ढवळलं. आधी काहीच झालं नाही. मग चमचा जड लागू लागला. रंग तोच, वास नाही, तरी पाणी काकवीसारखं सावकाश ओघळत होतं. “सुब्हानअल्लाह,” चाची पुटपुटल्या.

चाचांना ताठ बसवलं. चाचींनी चमचा ओठांशी नेला. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. ठसका नाही. दुसरा चमचा, तिसरा. चौथ्यासाठी चाचांनी स्वतःच वाकडं तोंड उघडलं. चाचींनी चमचा माझ्याकडे दिला आणि त्या भिंतीकडे तोंड करून रडू लागल्या. उरलेलं पाणी मी पाजलं.