सुकेळ्यांची वानगी

लिहिण्याचा कोणताही अधिकार नसताना लिहायला बसलो आहे, याबद्दल आधीच क्षमा मागतो. वसईतल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी निवृत्तीपर्यंत ‘शांतता राखा’ या पाटीखाली बसलो. इतरांनी लिहिलेले जपणे हेच माझे काम, आणि ती पाटी वाचकांपेक्षा मीच अधिक मनावर घेतली होती. तरीही गेल्या वर्षीच्या प्रवासातली एक हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही.

माझी पत्नी गोखिवऱ्यात, कारखान्यांच्या शेजारी वाढली. यंत्रांच्या वर आवाज चढवून बोलण्याची तिला लहानपणापासूनची सवय. लग्न होऊन ती आमच्या वटारच्या वाडीत आली तेव्हा केळींनासुद्धा जाग आली, असे माझी आई म्हणत असे. व्हिएतनामला जायचे तिनेच ठरवले. होई आन नावाच्या नदीकाठच्या जुन्या गावात मुक्काम करायचा, हेही तिचेच.

पिवळ्या भिंतींची घरे, छप्पर असलेला पूल, दारोदारी रेशमी कंदील. प्रत्येक वास्तूपाशी थांबून मी माहितीची पाटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत असे.

“अहो, पाटीचा फोटो काढलाय मी. ती घरी जाऊन वाचा. आत्ता पूल बघा.”

खाण्याच्या बाबतीत मात्र आमचे एकमत होते. तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर भरलेला पाव मिळतो. आम्हा वसईकरांना तो पोर्तुगीजांनी दिला, तिथल्या लोकांना फ्रेंचांनी. पण त्यात कोथिंबीर कोंबण्याची अक्कल दोघांनाही आपापली सुचली असावी. एका गल्लीच्या तोंडाशी पन्नाशीच्या एक बाई चिकट भातात लपेटलेले केळे पानात बांधून निखाऱ्यावर भाजत आणि वर नारळाचे घट्ट दूध घालून देत. करपत्या पानाचा वास आला आणि मी जागीच उभा राहिलो. घरी केळीच्या पानात पानगी भाजताना अगदी हाच वास दरवळतो.

आम्ही खात असताना पर्यटक येत, “यात काय आहे?” असे इंग्रजीत विचारत. बाई लाजून निखाऱ्यांकडे पाहत. पर्यटक हसून पुढे जात. मला त्या बाई फार जवळच्या वाटल्या.

त्याच गावातल्या एका छोट्या वाचनालयात फेरीवाल्यांसाठी संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग भरे आणि प्रवाशांपैकी कुणीही तिथे शिकवायला जाऊ शके. पत्नीने परस्पर दोघांची नावे दिली. “घाबरू नका,” ती म्हणाली, “शिकवणार मी. तुम्ही फळा पुसा.”

परंतु दुपारभर बर्फ घातलेला उसाचा रस पिण्याचा परिणाम दिसला. वर्गाच्या दिवशी तिचा आवाज साफ बसला. आमच्या संसारात असे पूर्वी कधी घडले नव्हते. घशातून कशीबशी कुजबुज निघाली, “जा. आता तुमची पाळी.”

वर्गात शेवटच्या बाकावर त्याच केळेवाल्या बाई बसल्या होत्या; पत्नी त्यांच्या शेजारी जाऊन बसली. वाचनालय चालवणाऱ्या तरुण बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले, “पौर्णिमेला नदीकाठी कंदिलांचा उत्सव असतो. या वेळी त्या केळेवाल्या बाईंना तिथे जागा मिळते आहे. पण परदेशी लोकांशी बोलावे लागेल म्हणून नको म्हणताहेत. उद्या कळवायचे आहे.”

मी फळ्यावर ग्राहक आणि विक्रेता यांचा एक सुबक, सविनय संवाद लिहिला. नमस्कार, स्वागत, पदार्थाचे वर्णन, आभार. व्याकरण निर्दोष होते. वाचायला मात्र कुणीच उठेना. केळेवाल्या बाईंनी मान खाली घातली, आणि त्यांना आग्रह करण्याचे धैर्य मला होईना. खोलीत माझ्या ग्रंथालयासारखी शांतता पसरली.

मागच्या बाकावरून पत्नी कुजबुजली, “अहो, ‘शांतता राखा’ची पाटी लावायची तेवढी राहिलीय.”

तेव्हा मला आई आठवली. वसईच्या बाजारात ती आमच्या वाडीतल्या राजेळी केळ्यांची सुकेळी घेऊन बसे. उन्हात वाळवलेली ती केळी काळपट दिसतात. नवखा माणूस पाहून नाक मुरडतो. शेजारच्या बायका ओरडून गिऱ्हाईक बोलावत. आई गप्प. समोरून जाणाऱ्याच्या हातावर सुकेळ्याचा तुकडा ठेवी आणि त्याच्या तोंडाकडे पाही. “मालाला स्वतःचं तोंड असतं,” ती म्हणे, “आपण कशाला मध्ये बोलायचं?”

मी फळा पुसला. केळेवाल्या बाईंच्या टोपलीत एक पुडी उरली होती. तिचे तुकडे केले. खुणेने सांगितले: आधी हातावर वानगी, मग थांबायचे, मग एकच शब्द. “गुड?”

त्यांनी पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला. मग अगदी हळू ऐकू आले, “गुड?” दुसरा तुकडा पत्नीला मिळाला. बोलता येत नसल्याने तिने दोन्ही हात, मान आणि भुवया यांनी उत्तर दिले, आणि सगळा वर्ग हसला. नंतर मी हट्टी गिऱ्हाईक होऊन बाकांमधून फिरलो आणि प्रत्येकाने मला अडवून काहीतरी चाखवले. कुणाचे शेंगदाणे, कुणाची नुसतीच रिकामी मूठ.

बाईंनी काय कळवले, ते आम्हाला समजले नाही. पौर्णिमेच्या संध्याकाळी आम्ही नदीकाठी शोधत निघालो. पुलाच्या पलीकडे करपत्या पानाचा वास आला. त्या तिथे होत्या. एका उंच परदेशी गृहस्थाच्या हातावर तुकडा ठेवून, त्याच्या तोंडाकडे अगदी आईसारख्या पाहत होत्या. “गुड?” गृहस्थाने चार पुड्या घेतल्या.

पत्नीने मला कोपराने ढोसले. तिने घरून खास बरोबर आणलेली, वाळक्या पानात बांधलेली सुकेळी माझ्या हातात दिली. मी पुढे झालो, बाईंच्या हातावर एक तुकडा ठेवला आणि थांबलो. मग माझ्या तोंडून, मला वाटले त्यापेक्षा मोठ्याने, आले, “गुड?”

त्यांनी सावकाश चावले. डोळे मिटले. थोडा विचार केला.

“टू स्वीट,” त्या म्हणाल्या.

हे मी शिकवले नव्हते. पत्नी आवाज नसतानाही पोट धरून हसली, आणि बाई पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

वटारला परतल्यापासून मी रोज एक सुकेळे खाऊन पाहतो आहे, पण घरच्या मालाबद्दल माझा निर्णय निःपक्षपाती असेल याची खात्री देता येत नाही. म्हणून आपल्याला विचारतो: आमची सुकेळी खरेच फार गोड असतात का?