काकांच्या मेसेजमधला ‘येतो’

मंडळी, आधीच सांगून टाकतो, मी फेकू माणूस आहे. डोंबिवली पूर्वेला माझं नाव काढा, लोक आधी हसतील आणि मग पत्ता सांगतील. खाडीपुलावर मी कबुतराएवढा डास पाहिलाय, हे शपथेवर सांगायला आजही तयार आहे... पण भूतखेत, आत्मा वगैरे? छे! गेली चौदा वर्षं लोकांच्या घरी-ऑफिसात कॅमेरे, वायफाय, हार्ड डिस्क बसवतोय. मेलेल्या इतक्या हार्ड डिस्क उघडल्यात की त्यांच्या विटा केल्या तर सात मजली बिल्डिंग उभी राहील, ओसीसकट, म्हणजे राहायच्या परवान्यासकट. एकीतही आत्मा निघाला नाही. धूळ निघाली. एकीत झुरळ.

म्हणून लाज वाटतेय. आयुष्यात पहिल्यांदा जसं घडलं तसं लिहितोय, आणि नेमकं तेच थापेसारखं दिसतंय.

ठाण्यात बाळकुमला सुमनकाकू राहतात. त्यांचे मिस्टर गायकवाडकाका आणि माझे बाबा वागळे इस्टेटला एकाच वर्कशॉपमध्ये टर्नर. काका रोज सहाला गेटबाहेर आले की काकूंना व्हॉइस मेसेज पाठवायचे — “सुमे, सुटलो गं. येतो.” बहुतेक वेळा एवढंच. चार वर्षं, सुट्टीचे वार सोडून रोज. गेल्या वर्षी एका दुपारी मशीनवरच छातीत कळ आली आणि गेले. त्या दिवशीचा मेसेज आला नाही.

काकू तेव्हापासून रोज सहाला एक जुना मेसेज लावतात. ऐकतात, मग देवळाच्या रस्त्याने भाजीला जातात. पण फोनची बॅटरी फुगलेली, स्क्रीन मधूनच काळी. नागपूरहून त्यांच्या मुलीने, मनीषाने मला फोन केला, “सुनीलदादा, फोन बंद पडला तर आई पण बंद पडेल रे. काहीतरी कर.”

मी नॅस सुचवलं. म्हणजे काय, तर एक डबा, आत दोन हार्ड डिस्क, वायफायला जोडलेला. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप. एक मेली तरी दुसरी जिवंत. आणि मनीषाला नागपुरात बसून ऐकता येईल.

“काकू,” मी छाती फुगवून म्हटलं, “आता भूकंप आला, बाळकुम खाडीत गेलं, तरी काका हलत नाहीत!”

“खाडीत गेल्यावर ऐकणार कोण रे, मासे?” काकू म्हणाल्या.

कॉपी करण्याआधी मी तीन मेसेज ऐकले. मला ऑडिओ तपासायची सवय आहे. एकात काका खोकले, एकात कोथिंबीर आणू का विचारलं, पण तिन्हींच्या शेवटी ‘येतो’ होतं. स्वच्छ. मी माझ्या कानांनी ऐकलंय.

मग फोल्डरला नाव द्यायचं होतं. काकू आत चहा टाकत होत्या. मी टाइप केलं ‘कै.’ आणि थांबलो. काकांचं घर बौद्ध, यांच्यात कैलासवासी लिहीत नाहीत, ‘कालकथित’ लिहितात, हे मला माहीत होतं. स्वतःवर खूश होऊन तसं लिहिलं. कालकथित गायकवाडकाका. अकराशे फाइल्स, सगळ्या गेल्या, एकही एरर नाही.

सहा वाजले. मी टीव्हीला डबा जोडून पहिला मेसेज लावला.

“सुमे, सुटलो गं.”

मग रिक्षाचे हॉर्न. संपला.

“अर्धवट आला वाटतं,” मी म्हटलं. दुसरा लावला. सुटलो गं. हॉर्न. तिसरा, कोथिंबिरीचा — सुटलो गं. फाइलचा आकार तोच, सेकंद तितकेच. जिथे ‘येतो’ हवं तिथे नुसता रस्ता. मूळ फोन उचलला, त्यातलाच मेसेज लावला. तिथेही नाही. मनीषाला काकांनी एकदा चुकून पाठवलेला एक मेसेज होता. तिला फोन लावला. तिने ऐकला आणि हळूच म्हणाली, “दादा, हा आधीपासून असाच होता का?”

काकूंचं लक्ष टीव्हीवरच्या फोल्डरच्या नावावर होतं. अक्षरं जोडत त्यांनी वाचलं, “का-ल-क-थि-त.”

“हे कुणी लिहिलं?”

“मी. आदराने, काकू.”

“मी अजून लिहिलं नव्हतं रे,” त्या म्हणाल्या. “पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेवर दिरांनी छापलं, रेशनकार्डावर साहेबाने रेघ मारली. मी कुठेच लिहिलं नव्हतं.”

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

नाव बदललं. डबा फॉरमॅट केला, पुन्हा कॉपी केली. रेकॉर्डिंग दुरुस्त करणारे तीन मित्र गाठले. एक म्हणाला आवाज गाळणारं सॉफ्टवेअर असेल, दुसरा म्हणाला तुझे कान तपास, तिसरा नुसता हसला, कारण तो मला ओळखतो. फोनमधल्या फाइल्सना मी हातही लावला नव्हता, त्या कशा बदलल्या? मनीषाचा मेसेज तर माझ्या डब्यात कधी आलाच नव्हता. स्पष्टीकरण नाही. आजही नाही.

मागच्या आठवड्यात बाळकुमला गेलो. सहा वाजून गेलेले, काकूंनी काही लावलं नाही. मला म्हणाल्या, “तू ऐकलं होतंस ना, सुनील? त्या दिवशी, कॉपी करायच्या आधी?”

“ऐकलं होतं, काकू.”

“मग म्हणून दाखव. तू सगळ्यांच्या नकला करतोस.”

म्हटलं. एकदा, दोनदा. घोगरं करून, जरा लांबवून, काका दमल्यावर म्हणायचे तसं. काकू डोळे मिटून ऐकत होत्या.

“नाही,” म्हणाल्या. “असं नव्हतं.”

“मग कसं होतं? तुम्ही सांगा, मी तसं म्हणतो.”

त्यांनी तोंड उघडलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “मला आठवत नाही रे.”