लाइट घालवून बघायची सिरीज

अण्णाचा फोन आला की त्यानं तोंड उघडायच्या आधीच मी सांगून टाकायचे, "न्हाय रे बघितली अजून!" त्या रविवारी सकाळी त्याचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. हात पिठाचे, म्हणून कोपरानंच फोनचा स्पीकर लावला आणि सवयीनं तेच बोलले. पलीकडं अण्णा नव्हता, त्याची लेक रूपाली होती. "आत्या… बाबा गेले." माझा थोरला भाऊ झोपेतच गेला होता. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, तेव्हा कुठं ती काय म्हणाली ते माझ्या डोक्यात शिरलं.

अण्णा काही मोठा माणूस नव्हता. सोलापूरच्या नवी पेठेतल्या साड्यांच्या दुकानात त्याची उभी हयात गेली. अंगावर साडी कशी दिसते हे गिऱ्हाइकाला कळावं म्हणून हा मिशीवाला गडी स्वतःच्याच खांद्यावर पदर टाकून उभा राहायचा. "घेऊ नका ओ ताई, नुसतं बघा तर!" सिरीजही तो अशीच गळ्यात मारायचा. त्याच्या त्या लाडक्या सिरीजमध्ये एक बँडमास्तर होता, लग्नात वाजवणारा आणि मयतालाही वाजवणारा. त्याला ऐकू येईनासं झालेलं असतं, पण धंदा बुडेल म्हणून तो ते लपवतो. बँडमधल्या माणसांना हे कधीच कळलेलं असतं, पण मास्तरचं मन मोडू नये म्हणून तीही लपवतात. "लई हसतंय बघ माणूस," अण्णा सांगायचा, "आन् हसता हसता घशात कायतरी अडकतंय."

असल्या प्रकाराला डार्क कॉमेडी म्हणतात, हे त्याला रूपालीनं शिकवलं. तेव्हा केम गावची आमची मावशी त्याच्याकडं राहायला आलेली होती. अण्णानं "डार्क कॉमेडी लावतोय" म्हटलं की मावशी गुडघ्यावर हात टेकत उठायची आणि लाइट घालवायची. "डार्क हाय म्हणतोस न्हवं, मग लाइट कशाला?" रूपाली हसून लोळायची. अण्णानं मात्र मावशीला कधी समजावलं नाही. उलट वहिनी अंधारात चाचपडायला लागली की तिलाच म्हणायचा, "ठेव ती मेथी बाजूला. मावशीचं थेटर सुरू झालं."

पण कुठं काय बोलावं याचा पोच म्हणून नव्हता मेल्याला… बघा, आता त्याला धड शिवीसुद्धा देता येत नाही. बार्शीला आमच्या चुलत बहिणीचे मालक वारले, तेव्हा आम्ही दोघं भेटायला गेलो होतो. सगळे खाली मान घालून बसलेले. निघताना हा तिला म्हणतो, "थोडी सावरलीस की एक सिरीज बघ. मयताचा बँड हाय त्यात." धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. परतीच्या एसटीत मी त्याला फैलावर घेतलं, "अक्कल गहाण ठेवलीस का रे?" तर शांतपणे म्हणतो, "रडायला समदी सांगत्यात तिला. हसलं तर चालतंय, हे कोण सांगणार?" मी फणकाऱ्यानं खिडकीकडं तोंड फिरवलं ते सोलापूर येईपर्यंत.

आणि मग त्याच्याच घरी सुतक आलं. वहिनी रडली नाही. न्यायच्या वेळीही नाही आणि नंतरही नाही. कोण बिनसाखरेचा घेतं, कुणाला नुसतं दूध लागतं, हे विचारत चहा देत फिरायची. "रडवा गं तिला, आत कोंडून ठेवलं तर बाई खचेल," असं जी ती माझ्या कानात सांगून जायची. मी तिला जवळ घेऊन पाहिलं, अण्णाच्या आठवणी काढून पाहिल्या. ती नुसती "हो ना" म्हणायची आणि उठून भांडी लावायला जायची. मला खरंच भीती वाटायला लागली होती.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. घरात आम्ही चौघीच राहिलो. दिवेलागणीनंतर मावशी एकदम म्हणाली, "लावा की गं त्याची ती सिरीज." आणि उठून लाइट घालवलासुद्धा. "मावशी, लोक काय म्हणतील?" मी दबक्या आवाजात म्हटलं. "लोकं गेली की आपापल्या घरला." मी वहिनीकडं पाहिलं. ती म्हणाली, "शेवटचा भाग राहिलाय माझा. ह्यांनी एका दुपारी एकट्यानंच गुपचूप बघून टाकला होता. किती विचारलं, पण सांगितलं नाही मला."

रूपालीनं शेवटचा भाग लावला. एका मयतात बँडमास्तर हात वर करतो आणि थेट वरातीची चाल सुरू करतो. आपण काय वाजवतोय ते त्याला कुठलं ऐकू येतंय! बाकीचे वाजवणारे क्षणभर एकमेकांकडं बघतात… आणि मास्तरला उघडं पाडायचं नाही म्हणून सगळेच वरात वाजवायला लागतात. तिरडीमागं चालणाऱ्या एका म्हाताऱ्याचे पाय ठेक्यात पडायला लागतात. वहिनीला हसू फुटलं. तोंडाला पदर लावला तरी आवरेना, अंग गदगदा हलायला लागलं. मीही हसत होते. मग तिच्या हसण्याचा आवाज बदलला, तशी रूपाली घाबरून रिमोटकडं धावली.

वहिनीनं तिचा हात धरला. "राहू दे गं, चालू राहू दे. इथंच हसले असणार बघ ते…" मग म्हणाली, "मला सोडून पुढं गेले की गं…"

आणि मोठ्यानं रडली. मावशीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. टीव्ही आम्ही कुणीच बंद केला नाही.